जपानी लाव्यांचें वयोमानानुसार खाद्य

शेतीस जोडधंदा म्हणून कोंबड्या पाळणारे शेतकरी आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु अलीकडे जपानी लावे पाळण्याकडेही बऱ्याच जणांचें लक्ष वळलें आहे. जागा थोडी लागते, भांडवल बेताचें लागतें आणि पांच-सहा आठवड्यांत माल विक्रीस तयार होतो, हीं त्याचीं कारणें उघड आहेत. तथापि मोठ्या उमेदीनें हा धंदा सुरू करून वर्षाच्या आंत पिंजरे रिकामे करणारी मंडळीही भेटतात. त्यांच्याशीं दोन घटका बोलल्यावर पुष्कळदां असें आढळतें कीं, त्यांचें नुकसान रोगानें झालेलें नसून खाद्याच्या चुकीनें झालेलें असतें. आणि ती चूक कोंबडीचा अनुभव जसाच्या तसा लाव्यास लावल्यामुळें घडलेली असते. म्हणून लाव्याच्या कोणत्या वयांत कोणतें खाद्य, किती व कां द्यावें, एवढाच विषय प्रस्तुत लेखांत घेतला आहे.

पक्ष्याची ओळख

पावसाळ्यांत आपल्या ज्वारी-बाजरीच्या शेतांतून आणि गवताळ माळांवरून जे लावे भुर्रकन उडतांना दिसतात, ते हे नव्हेत. रानांतील लावे पकडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मनाई आहे. शिवाय पिकांतील किडे टिपणारे ते पक्षी शेतकऱ्याचे मित्रच आहेत. त्यांच्या वाटेस कोणीं जाऊं नये. पाळावयाचा तो जपानी लावा. जपानांत त्यास प्रथम आवाजासाठीं पिंजऱ्यांत ठेवीत. अंड्यांसाठीं त्याची मोठी पैदास विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धांत तेथील बहुतेक कळप नाहींसे झाले आणि उरल्यासुरल्या पक्ष्यांपासून हा धंदा पुन्हां उभा राहिला. भारतांत हा पक्षी १९७४ सालीं उत्तर प्रदेशांत बरेलीजवळ इज्जतनगर येथें संशोधनासाठीं आणला गेला. तेथेंच १९७९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनें त्याच्या पैदाशीवर व आहारावर पुढें पुष्कळ काम केलें. ज्यास हा धंदा करावयाचा असेल त्यानें आधीं आपल्या जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे नियमांची चौकशी करावी आणि पिलें खात्रीच्या उबवणी केंद्रांतूनच घ्यावीं.

लाव्याचा एक आठवडा

अंड्यांतून बाहेर येणाऱ्या पिलाचें वजन अवघें ७ ग्रॅमच्या आसपास असतें. पहिला आठवडा संपतां संपतां तें तिपटीवर जातें. पांच आठवड्यांत पक्षी दीडशें ग्रॅमच्या घरांत येतो आणि सहाव्या-सातव्या आठवड्यांत मादी अंडीं घालूं लागते. कोंबडीस अंड्यावर येण्यास सुमारें वीस आठवडे लागतात. म्हणजे लाव्याचा एक आठवडा हा कोंबडीच्या तीन आठवड्यांइतका समजावा. कोंबडीच्या तलंगेस आठ दिवस निकस खाद्य मिळालें तर ती पुढें तूट बरीच भरून काढते. लाव्याच्या पिलास तूट भरून काढण्यास पुढें दिवसच उरत नाहींत. हें एक तत्त्व ध्यानांत ठेवलें म्हणजे खालील सर्व नियमांचें कारण सहज कळेल.

निसर्गांतही हेंच दिसतें. रानांतील लावा मोठेपणीं मुख्यतः गवताच्या बियांवर व सांडलेल्या धान्यावर राहतो. परंतु त्याचीं पिलें पहिल्या दिवसांत मुंग्या, बारीक अळ्या व किडे यांवर वाढतात. किडा म्हणजे प्रथिनांचा गोळाच होय. खुराड्यांतील पिलास किडे मिळत नाहींत. तेव्हां त्यांची भरपाई पेंड व मासळीचा कुटा यांनीं आपण करून दिली पाहिजे. नुसत्या कण्या व भरडा टाकून लाव्याचीं पिलें वाढत नाहींत.

लेखकाचा अनुभव

या बाबतींत प्रस्तुत लेखकानें स्वतः ठेच खाल्ली आहे, ती येथें सांगणें उपयोगाचें होईल. पहिल्या खेपेस दोनशें पिलें आणून गोठ्याशेजारच्या खोलींत ठेवलीं. ऊब चांगली होती, हवा खेळती होती. घरीं कोंबड्यांच्या पिलांसाठीं आणलेलें खाद्याचें पोतें उघडलेलें होतें; तेंच लाव्यांच्या पिलांपुढें ठेवलें. पाणी परळांत भरून ठेवलें. पहिल्या आठवड्यांत एकसष्ट पिलें गेलीं. कांहीं परळांत बुडून मेलीं. बाकीचीं कां मेलीं हें प्रथम कळेना. कारण खाद्याचें भांडें तर भरलेलें दिसे. शेवटीं दोन मेलेलीं पिलें चिरून पाहिलीं, तों गळ्यांतील अन्नाची पिशवी रिकामी! भांड्यांत मक्याच्या कण्या होत्या, पण त्या त्या इवल्याशा चोचीत मावण्याजोग्या नव्हत्या. भरल्या ताटापुढें पिलें उपाशीं मेलीं होतीं. जगलीं तीं खुरटलीं आणि त्यांतील माद्या नवव्या आठवड्यापर्यंत अंड्यावर आल्या नाहींत. दुसऱ्या खेपेस तेंच खाद्य घरच्या जात्यावर पुन्हां भरडून, रव्याच्या चाळणीनें चाळून, त्यांत पेंडीची भर घालून दिलें. त्या खेपेस पहिल्या आठवड्यांतील मर नऊ पिलांवर आली. खोली तीच, माणसें तींच; बदललें तें खाद्य आणि पाण्याचें भांडें.

पहिली अवस्था: जन्मापासून तीन आठवडे

या अवस्थेंत खाद्यांत प्रथिनांचें प्रमाण २६ ते २७ टक्के असावें. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेनें १९९४ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत वाढत्या लाव्यास २४ टक्के प्रथिनें सांगितलीं आहेत. आपल्याकडे पहिल्या तीन आठवड्यांस त्याहून अधिक देण्याचा प्रघात आहे आणि तो हिताचा आहे. अंड्यांच्या जातीच्या कोंबड्यांच्या पिलांचें खाद्य २० टक्क्यांच्या आसपास असतें. तें लाव्यास किती अपुरें पडतें हें यावरून समजेल.

खाद्य गव्हाच्या रव्याइतकें बारीक असावें. अगदीं पिठासारखें करूं नये. पीठ चोचीस चिकटतें आणि धूळ उडून पक्ष्यांस त्रास होतो. पहिले एक-दोन दिवस खाद्य खरखरीत कागदावर पसरून द्यावें, म्हणजे पिलांस टिपण्याची संवय लागते. वर्तमानपत्राचा गुळगुळीत कागद घालूं नये. त्यावर पाय घसरून पिलें कायमचीं फेंगडीं होतात. तिसऱ्या दिवसापासून उथळ भांडीं ठेवावीं. पाण्याचें भांडें उथळ व अरुंद कांठाचें असावें आणि त्यांत स्वच्छ खडे किंवा गोट्या घालाव्या, म्हणजे चोच भिजेल पण पिलूं बुडणार नाहीं. पिलें आणल्याबरोबर आधीं पाणी व मग खाद्य द्यावें.

खाद्य व ऊब हीं एकाच जोखडाचीं बैलें आहेत. पहिल्या आठवड्यांत पिलांभोंवतीं ३५ ते ३७ अंश सेल्सिअस उष्णता ठेवावी आणि पुढें दर आठवड्यास सुमारें ३ अंशांनीं कमी करीत जावें. गारठलेलीं पिलें एकमेकांवर चढून एके ठिकाणीं बसतात व खाद्याकडे फिरकत नाहींत. अशा वेळीं खाद्य कितीही चांगलें असलें तरी व्यर्थ होय. पहिले कांहीं दिवस रात्रींही दिवा ठेवावा, म्हणजे पिलें रात्रंदिवस टिपत राहतात.

दुसरी अवस्था: चौथा व पांचवा आठवडा

आतां पिसें फुटून पक्षी आपलें अंग आपण राखूं लागतो. प्रथिनें २४ टक्क्यांवर आणावीं. खाद्य एकदम बदलूं नये; पहिल्या दिवशीं तीन भाग जुनें व एक भाग नवें, मग निम्में-निम्में, मग एक भाग जुनें व तीन भाग नवें, असें तीन-चार दिवसांत बदलावें. एकाएकी बदलल्यास पक्षी एक-दोन दिवस कमी खातात, आणि त्या दोन दिवसांची किंमत वर सांगितलीच आहे.

तीन आठवड्यांच्या सुमारास नर-मादी ओळखतां येतात. नराच्या छातीचीं पिसें तांबूस एकरंगी असतात. मादीच्या छातीवर फिकट रंगावर काळे ठिपके असतात. या वेळीं निवड करून अंड्यासाठीं ठेवावयाच्या माद्या वेगळ्या कराव्या. पैदाशीसाठीं दोन-तीन माद्यांमागें एक नर पुरे होतो. बाकीचे नर हेंच खाद्य देऊन पांच ते सहा आठवड्यांस मांसासाठीं विकावे. त्यापुढें ठेवल्यास ते खाद्य खातात, पण वजन त्या मानानें वाढत नाहीं.

या अवस्थेंत एक चूक फार होते. माद्या लौकर अंड्यावर याव्या म्हणून कित्येक जण चौथ्या आठवड्यापासूनच अंड्यावरील पक्ष्यांचें खाद्य सुरू करतात. त्या खाद्यांत शिंपल्याचा चुरा अधिक असतो. न वाढलेल्या पक्ष्याच्या शरीरास तेवढें कॅल्शियम पेलत नाहीं; त्याचा भार मूत्रपिंडांवर पडतो आणि पक्षी रोडावतात. वाढत्या पक्ष्यास ०.८ ते १ टक्का कॅल्शियम पुरतें.

तिसरी अवस्था: अंड्यावरील माद्या

सहाव्या आठवड्यांत पिंजऱ्यांत पहिलीं अंडीं दिसूं लागलीं कीं, अंड्यावरील खाद्याकडे वळावें. आतां प्रथिनें २० टक्के पुरेत. परंतु कॅल्शियम २.५ ते ३ टक्के पाहिजे. लाव्याचें अंडें सुमारें १० ग्रॅमचें असतें, आणि मादीचें वजन १८० ग्रॅमच्या आसपास धरलें तर तें तिच्या वजनाचा अठरावा हिस्सा होतें. कोंबडीचें अंडें तिच्या वजनाच्या तिसाव्या हिश्शाइतकेंच असतें. चांगली मादी वर्षांत अडीचशें व त्याहून अधिकही अंडीं देते. हा सर्व माल तिच्या पोटांत जाणाऱ्या खाद्यांतूनच निघावयाचा आहे. खाद्यांत कॅल्शियम कमी पडलें तर ती कांहीं दिवस आपल्या हाडांतून तें काढते. पुढें अंडीं पातळ कवचाचीं येतात, आणि शेवटीं मादीच पायांतून जाते.

कोंबडी बहुधा सकाळीं अंडें घालते. लावी दुपारनंतर व तिन्हीसांजेच्या आंत घालते. पुढील अंड्याचें कवच त्या रात्रीं व दुसऱ्या दिवशीं बनत असतें. म्हणून संध्याकाळीं भांडें रिकामें राहूं देऊं नये. उजेड दिवसाचा व दिव्याचा मिळून १६ तास असावा. हिवाळ्यांत अंडीं एकाएकी कमी झालीं तर खाद्यास दोष देण्यापूर्वीं दिव्याचे तास मोजून पाहावे.

मोठी मादी रोज सुमारें २५ ग्रॅम खाते, म्हणजे वर्षास नऊ किलो. पैदाशीच्या पक्ष्यांस जीवनसत्त्वांची विशेष गरज असते. तीं कमी पडलीं तर अंडीं संख्येनें बरोबर येतात पण उबत नाहींत. लसूणघासाचा कोंवळा बारीक चिरलेला पाला थोडासा रोज दिल्यास अंड्याचा बलकही पिवळा होतो. पांढऱ्या ज्वारीवर ठेवलेल्या पक्ष्यांचा बलक फिका पडतो. पिवळ्या मक्यानें तो दोष जातो.

खाद्याचें मिश्रण

घरीं मिश्रण करावयाचें असल्यास १०० किलोंचें प्रमाण पुढीलप्रमाणें ठेवावें.

पहिले तीन आठवडे: मका ४६ किलो, सोयाबीनची ढेप ४२, मासळीचा कुटा ८, खाद्यतेल १¼, जीवनसत्त्वांसह क्षारमिश्रण २½, मीठ ¼.

चौथा-पांचवा आठवडा: मका ५३, सोयाबीनची ढेप ३६, मासळीचा कुटा ७, तेल १¼, क्षारमिश्रण २½, मीठ ¼.

अंड्यावरील माद्या: मका ५८, सोयाबीनची ढेप २७, मासळीचा कुटा ६, शिंपल्याचा चुरा ५, तेल १¼, क्षारमिश्रण २½, मीठ ¼.

मक्यांत ९ टक्के, ढेपेंत ४५ टक्के व कुट्यांत ४५ टक्के प्रथिनें धरलीं, तर या मिश्रणांत अनुक्रमें सुमारें २६½, २४ व २० टक्के प्रथिनें येतात. हिशेब वाचकांनीं स्वतः करून पाहावा. एकदां तो हातीं बसला म्हणजे बाजारभावाप्रमाणें जिन्नस बदलतां येतात. सोयाबीनमध्यें मेथिओनीन हें एक आवश्यक द्रव्य कमी असतें. म्हणून पहिल्या मिश्रणांत शंभर किलोंस १०० ग्रॅम मेथिओनीन वरून मिसळावें. जिन्नस थोडे असतील ते आधीं दोन-चार किलो भरड्यांत कालवून मग मोठ्या ढिगांत मिसळावे; नाहींतर एका पक्ष्यास सर्व क्षार व दुसऱ्यास कांहींच नाहीं, असें होतें.

जिन्नस घेतांना पाहावयाच्या गोष्टी

पहिली गोष्ट सोयाबीनची. मराठवाडा व विदर्भ येथें सोयाबीन घरचेंच असतें. तेव्हां तेंच दळून घालण्याचा मोह होतो. कच्च्या सोयाबीनमध्यें प्रथिनें पचूं न देणारें द्रव्य असतें. तें उष्णतेनेंच नष्ट होतें. म्हणून कच्चें सोयाबीन कधींही देऊं नये. कारखान्यांतून तेल काढून भाजून निघालेली ढेपच द्यावी.

दुसरी गोष्ट भुईमुगाच्या पेंडीची. सोयाबीनच्या ढेपेऐवजीं ती कांहीं अंशीं चालते, परंतु बुरशीची तपासणी केल्यावांचून घेऊं नये. १९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात् मेले. शोध करतां ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीवरील बुरशीचें विष हें कारण निघालें. तेंच अफ्लाटॉक्सिन. तें उकळून वा उन्हांत घालून जात नाहीं. लहान पिलांच्या यकृतावर त्याचा घाला पडतो. कुबट वासाची, हिरवट-काळपट डागांची, हातास ओलसर लागणारी पेंड किंवा मका फुकट मिळाला तरी घेऊं नये.

तिसरी गोष्ट मासळीच्या कुट्याची. किनाऱ्यावरून येणाऱ्या मासळीत पुष्कळदां मीठ व वाळू असते. कुट्याची चिमूट जिभेस लावून पाहावी. खारट असल्यास मिश्रणांतील मीठ गाळावें, आणि फार खारट असल्यास तो कुटा घेऊंच नये. जादा मिठानें पिलें पाणी पीत सुटतात, बिछाना ओला होतो व मर वाढते.

ऋतूप्रमाणें काळजी

पावसाळ्यांत एका वेळीं पंधरा दिवसांपुरतेंच मिश्रण करावें. पोतीं भिंतीस न लावतां फळ्यांवर ठेवावीं. मका साठवण्यापूर्वीं दांतानें कट्कन फुटेल इतका वाळवावा. उन्हाळ्यांत भर दुपारीं पक्षी खात नाहींत, चोच वासून धापा टाकतात. अशा दिवसांत पहाटे व सायंकाळीं खाद्य द्यावें आणि थंड पाणी दिवसांतून तीन-चार वेळां बदलावें. पाणी तुटलें कीं खाद्य तुटलें, आणि खाद्य तुटलें कीं अंडीं तुटलीं.

काटकसर कोठें करावी

शेवटीं पैशाचा हिशेब. पांच आठवड्यांत एक पक्षी सुमारें ५०० ग्रॅम खाद्य खातो, आणि त्यांतील पहिल्या तीन आठवड्यांचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासच असतो. म्हणजे पांचशें पिलांच्या खेपेस पहिल्या तीन आठवड्यांत सुमारें ८० किलो खाद्य लागतें. हलकें खाद्य घेऊन किलोमागें पांच रुपये वांचविले, तरी सर्व खेपेंत चारशें रुपये वांचतात. पिलामागें एक रुपयाही पडत नाहीं. तेवढ्यासाठीं खेप खुरटविणें म्हणजे बियाण्यांत बचत करून शेत पडीक टाकणें होय.

उलट मोठ्या पक्ष्यांकडे पाहा. मादी चोचीनें खाद्य उडवीत खाते. रोज दोन ग्रॅम सांडले तर पांचशें माद्यांमागें दिवसास एक किलो, वर्षास ३६५ किलो खाद्य विष्ठेंत जातें. भांडें कधींही तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरूं नये, भांड्याचा कांठ आंत वळलेला असावा आणि खाद्यावर विरळ जाळीचा तुकडा टाकावा. दिवसांतून दोन-तीन वेळां थोडें थोडें घालण्यास माणसाचे श्रम लागतात, पैसा लागत नाहीं.

सारांश, लहानपणीं पोत्यांत काटकसर करूं नये. मोठेपणीं भांड्यांत करावी. शेतकरी बंधूंनीं पहिल्या खेपेस शंभरांहून अधिक पिलें आणूं नयेत. त्यांतून रोज किती मेलीं, किती खाद्य गेलें, आठवड्यास दहा पक्षी तोलून सरासरी वजन किती आलें, याची वही ठेवावी. पिलांची खेप चुकली कीं नाहीं हें डोळ्यांस तिसऱ्या आठवड्यांत दिसतें. वहीस तें पहिल्याच आठवड्यांत कळतें, आणि तेव्हां सुधारण्यास अजून वेळ असतो.